टपावरचे ओरखडे

बायको गेली तेव्हा आमचं एक भांडण अर्धंच राहिलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात भांडणं किती झाली त्याला गणती नाही, पण बाकीची सगळी जागच्या जागी संपली. कधी ती ताट जरा जोरात आपटून वाढायची, म्हणजे मिटलं. कधी मी तंबाखू मळत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचो, म्हणजे मिटलं. हे एकच राहिलं, आणि ते होतं गाडीच्या रंगावरून. लोक ऐकून हसतात. हसू देत. बांधावरून आणि सोन्यावरून भांडणारे लोक मी पुष्कळ बघितलेत, त्यांचं काही फार शहाणपणाचं चालतं असं नाही.

मला ते वर्षश्राद्धाच्या आधी मिटवायचं होतं. मेलेल्या माणसाशी भांडण कसं मिटवतात हे भटजीला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याची नजर तीळ-तांदळाच्या पुढं जात नाही. मी आपल्या डोक्यानं ठरवलं, तिनं गाडीवर पाडलेले ओरखडे काढून टाकायचे. ओरखडेच नसले तर भांडण राहील कशावर? तिला वर निरोप गेल्यासारखं होईल, की झालं, सोडलं मी.

आधी गाडीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी तीस वर्षं टेम्पो चालवला. सायझिंगमधून बीम उचलायचे आणि लूमच्या कारखान्यांवर टाकायचे. सायझिंग म्हणजे जिथं सुताला कांजी पाजतात, आणि बीम म्हणजे ते सूत गुंडाळलेला मोठा लोखंडी रूळ. भिवंडीच्या बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. टेम्पो पांढरा होता, शेटचा होता, आणि त्याला मी हाताला लागेल त्यानं पुसलं. रॉकेलनं पुसलं, डिझेलनं पुसलं, एकदा सांडलेल्या ताकानं पण पुसलं. टेम्पोनं कधी तक्रार केली नाही. त्यामुळे गाडीतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज झाला होता.

पुढं राहनाळच्या अंगाची आमची जमीन गोदामवाल्यांकडे गेली. आजूबाजूच्या सगळ्यांचीच गेली आणि सगळ्यांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या. ज्याच्या दारात बैलगाडी नीट उभी राहत नव्हती त्याच्या दारात पण. आम्ही गाडी घ्यायला गेलो तेव्हा मुलगा बोलला, पांढरी घेऊ, धूळ दिसत नाही. मी बोललो, काळी. तीस वर्षं पांढऱ्यात काढली होती, आणि काळी गाडी मोठ्या माणसाची वाटते असं मला वाटायचं. बायको शोरूममध्ये त्या गाडीभोवती एक फेरी मारून आली.

"काळी कशाला? दारात म्हस हाय ती पुरत न्हाय काय?"

"म्हशीला चाकं न्हाईत."

"म्हस दूध तरी देते."

गाडी विकणारा पोरगेला माणूस टाय धरून हसत होता. मी काळीच घेतली.

भिवंडीत काळी गाडी घेणारा माणूस एक तर येडा असतो किंवा त्याला दुसरं काम नसतं. मी दोन्हींत बसत होतो. गोदामांकडे जाणारे कंटेनर दिवसभर धूळ उडवतात. सायझिंगच्या चिमण्यांची काजळी वरून पडते. लूममधून कापसाची बारीक लव उडते, ती ओल्या जागी बसली की मिशी फुटल्यासारखी दिसते. गाडी झोपताना काळी असायची आणि उठताना राखाडी.

मग मला काम लागलं. रोज सकाळी सहाला उठून गाडी पुसायची, चांगला तासभर. पाणी नाही, कारण आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, आणि त्या पाण्यानं गाडी धुतली असती तर बायकोनं मला धुतलं असतं. कोरड्या फडक्यानं पुसायचो. फडकं पण ऐरंगैरं नाही. ओळखीच्या कारखान्यातून मागावरून उतरलेलं कोरं कापड, शेवटचा तुकडा उरतो तो फुकट मिळायचा. पापडासारखा कडक. दर रविवारी नवा तुकडा काढायचो आणि जुना मऊ पडला की फेकून द्यायचो. नवं तेवढं स्वच्छ, असं माझं गणित. टपापासून सुरू करायचं, गोल गोल हात फिरवत खाली यायचं. बायकोनं एकदा आपलं जुनं सुती लुगडं फाडून चार तुकडे आणून दिले. शंभर वेळा धुतलेलं, लोण्यासारखं.

मी बोललो, "गाडीला लुगडं नेसवायचं हाय काय?"

तिनं ते घेतलं आणि त्याची लादी पुसायची फडकी केली. आमची लादी शेवटपर्यंत गुळगुळीत राहिली.

आता तिचा गुन्हा. दसऱ्याची सकाळ होती. दसऱ्याला आमच्याकडे गाडी, ट्रॅक्टर, शिवणाचं मशीन, जे काय चालतं-फिरतं ते धुऊन त्याला झेंडू घालतात. मी फुलं आणायला बाजारात गेलो होतो. ती नळापाशी देवाची पितळी भांडी घासत बसली होती, समोर चिंच, राख आणि नारळाचा काथ्या. मी परत येतो तर ही गाडीच्या मागच्या दारापाशी उकिडवी बसलेली, आणि काथ्यानं दार घासतेय. मन लावून. तांब्याच्या हंड्याला घासतात तसं.

"काय करतेस गं?"

"पाखरानं घान केली. वाळून दगड झाली. पूजा करायची आन् घान तशीच ठेवायची काय?"

मी तिला बाजूला केलं. हाताच्या पंजाएवढ्या जागेचा रंग उतरल्यासारखा पांढुरका झाला होता, आणि त्यात रेघाच रेघा. मग मी जे बोललो ते अख्ख्या आळीनं ऐकलं. शेजारचा झेंडूची माळ हातात धरून ऐकत उभा राहिला.

"तुला टोप आन् गाडी यातला फरक कळत न्हाय काय?"

"कळतो. टोप वरडत न्हाय."

हे एवढ्यावर संपलं असतं. पण आठ दिवसांनी संध्याकाळचं तिरपं ऊन गाडीवर पडलं आणि मला बॉनेटवर जाळी दिसली. कोळ्याचं जाळं असतं तशी, गोल गोल, बारीक, अख्ख्या बॉनेटभर. दारांवर तीच. खुर्चीवर चढून बघितलं तर टपावर पण तीच. माझ्या डोक्यात लख्ख झालं, की ही बाई माझ्या पाठीमागे अख्खी गाडी काथ्यानं घासते.

मी तिला बोलावून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. बोलली, "मी तेवढंच घासलं. मागच्या दाराला. बाकी मी हात लावला न्हाय."

मी बोललो, "खोटारडी हायेस."

ती आत गेली. त्यानंतर त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही. मी मात्र गप्प बसलो नाही. सोयऱ्यांना सांगितलं, सलूनमध्ये सांगितलं, वज्रेश्वरीच्या जत्रेत भेटलेल्या अनोळखी माणसाला पण सांगितलं, की आमच्या हिनं नवी गाडी टोपासारखी घासली, अख्खी, टपासकट. गोष्ट चांगली जमून आली होती. लोक हसायचे. काही वर्षांत ती आमच्या घराची गोष्ट झाली, लग्नाकार्यात लोक मागून घ्यायचे, "सांगा की ती गाडीची." ती स्वयंपाकघरात असायची, तिला ऐकू जायचं. मला माहीत होतं, ऐकू जातंय ते.

दवाखान्यात पण सांगितली. तिच्या पोटात दुखायचं ते आधी गॅस होतं, मग पित्त होतं, मग एका मोठ्या डॉक्टरनं त्याचं खरं नाव सांगितलं तेव्हा दोन महिने उरले होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा खिडकीतून खाली गाड्या बघत होता. मी त्याला आमची दाखवली आणि मग गोष्ट आलीच. तो हसला. ही उशीवर डोकं ठेवून छताकडे बघत होती, ती पण जराशी हसली. तीन आठवड्यांनी गेली.

तेव्हापासून मला ते "खोटारडी" टोचायला लागलं. ती खोटं बोलली नव्हती असं मला अजून वाटत नव्हतं, ते सांगून ठेवतो. मला एवढंच वाटत होतं की एका गाडीपायी किती वर्षं ताणलं आपण. दुःखाचं म्हणाल तर मला रडता आलं नाही. मी दिवसातून दोनदा गाडी पुसायला लागलो. सून मुलाला बोलली, बाबांना कुठंतरी दाखवा. मुलगा बोलला, कुठं, गॅरेजला?

तर वर्षश्राद्धाला पंधरा दिवस राहिले तेव्हा मी गाडी घेऊन पॉलिशवाल्याकडे गेलो.

हा पॉलिशवाला जुन्या लूमवाल्यांच्या घरातला. त्याच्या बापाला मी बीम टाकायचो. बाप गेला, धंदा बसला, त्यानं लूम भंगारात घातले, आणि जिथं पूर्वी चोवीस लूम खडखडायचे त्याच शेडमध्ये आता गाड्यांना आंघोळी घालतात. खांबांवर अजून तेलाचे डाग आहेत. मला बघून तो उठला.

"चाचा, या. बीम कुठं उतरवणार? लूम तर गेले."

"बीम न्हाय. ओरखडे आणलेत. काढायचे हायेत."

"किती दिवसांचे?"

"सहा-सात वर्षांचे."

"मग ते आता घरचेच झाले की."

त्यानं गाडी आत घेतली. आधी साबणाचा फेस मारला, इतका की गाडी हिमालयात सापडल्यासारखी दिसायला लागली. मग दोन बादल्या. एकीत साबण, एकीत साधं पाणी. मऊ मोजा साबणात बुडवायचा, गाडीवर फिरवायचा, मग साध्या पाण्यात खळबळायचा, मगच परत साबणात. मी विचारलं, दोन बादल्या कशाला? बोलला, "घाण पहिल्या बादलीत गेली तर तीच परत गाडीवर येईल. तुम्ही काय तेच पाणी अंगावर घेता?" आमच्याकडे पाणीवाल्या दिवशी पाच माणसं दोन बादल्यांत आवरतात.

धुऊन झाल्यावर त्यानं माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी घातली आणि बोलला, "आता हात फिरवा बॉनेटवर." पिशवीतून फिरवला तर खरखर लागली, कानस असते तशी. नुसत्या हाताला गुळगुळीत लागत होतं. चिमणीची काजळी आणि लोखंडाचे बारीक कण रंगात रुतून बसलेले असतात, बोलला. मग त्यानं चिकणमातीच्या गोळ्यासारखं काहीतरी काढलं आणि पाणी मारत मारत गाडीवर फिरवलं. गोळा काळा होत गेला. गाडीला माती फासायला मोठ्या पॉलिशवाल्याकडे यावं लागतं, हे बायकोला सांगितलं असतं तर ती तीन दिवस हसली असती. मनात सांगून बघितलं. हसण्याचा आवाज काय आला नाही.

मग त्यानं शेडचे दिवे बंद केले आणि हातात बॅटरी घेतली. काळ्या रंगावर उजेड पडला आणि ती जाळी उठली. मी कधी एवढी स्पष्ट बघितली नव्हती. जिथं उजेड न्याल तिथं गोल, गोलात गोल.

मी माझी गोष्ट सुरू केली. दसरा, चिंच, काथ्या, टोप. त्याचे दोन कामगार हसले. हा हसला नाही. हा स्टुलावर चढून टप बघत होता.

"चाचा," वरूनच बोलला, "चाची उंच होत्या काय?"

"उंच? माझ्या खांद्याला लागत नव्हती. वरच्या फळीवरचा डबा काढायला मला हाक मारायची."

"मग टपाच्या मधोमध त्यांचा हात कसा पोचला?"

"स्टूल घेतलं असंल."

"स्टूल घेऊन, काथ्या घेऊन, चारी बाजूंनी फिरून, तुम्हाला न दिसता?" तो खाली उतरला. "आणि हे एका दिवसाचं काम नाही. हे रोजचं आहे. रोज, एकाच माणसाचं, एकाच चालीनं गोल गोल. रोज कोण पुसतं?"

मी बोललो, "मी."

"कशानं?"

मी डिकीतून माझं फडकं काढून दिलं. मोठ्या मानानं दिलं, त्याच रविवारचं होतं. त्यानं ते कानापाशी नेऊन चुरगळलं. करकर आवाज झाला. लूमवाल्याच्या पोटी जन्मलेला माणूस, त्याला कापड काय सांगायचं.

"हे तर कोरं आहे. धुतलेलं पण नाही."

"एकदम नवं."

"चाचा, तुम्ही आयुष्यभर बीम वाहिले. सुताला कांजी कशाला लावतात?"

"कडक व्हावं म्हणून. मागावर घासून तुटू नये म्हणून," मी शाळेतल्यासारखं उत्तर दिलं, आणि देता देताच माझं मला ऐकू आलं.

वाळलेल्या कांजीचं कापड, वर भिवंडीची धूळ, ना पाणी ना साबण, आणि रोज तासभर गोल गोल. मी सात वर्षं गाडीला पुसत नव्हतो, तासत होतो.

मग त्यानं मला मागच्या दारापाशी नेलं आणि बॅटरी खाली धरली. "हे चाचींचं. बघा. सरळ रेघा, खोल, एका जागी. हाताएवढं. बाकी पूर्ण गाडी तुमची आहे."

मी तेवढंच घासलं. बाकी मी हात लावला न्हाय. तिचं बोलणं जसंच्या तसं कानात आलं. मी तिथं पडलेल्या टायरवर बसलो. त्यानं चहा मागवला. मी बोललो, चहा नको, मशीन चालव.

"चालवतो. पण आधी ऐका. रंगावर काचेसारखा एक पापुद्रा असतो, कागदाहून पातळ. मशीननं तो जरा जरा घासून सपाट करायचा, म्हणजे बारीक ओरखडे जातात. तुमचे बारीक आहेत, तुमचे जातील. चाचींचे खोल आहेत. ते काढायला गेलो तर खालचा रंग निघेल. चाचींचं राहणार."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. दोन दिवसांनी गाडी आणायला गेलो तेव्हा कळला. गाडी अशी दिसत होती की मी आधी ओलांडून पुढं गेलो, दुसऱ्या कोणाची वाटली. बॉनेटमध्ये शेडचे पत्रे दिसत होते, पत्र्यातलं भोक दिसत होतं, आणि नाकात केस वाढलेला एक म्हातारा दिसत होता. टपावर एक रेघ नाही. वर त्यानं कसलासा लेप दिला होता, पाणी टाकलं की मण्यांसारखं पळत होतं. आणि मागच्या दारावर, त्या सगळ्या चकचकाटात, पंजाएवढी पांढुरकी जागा. आधी ती जाळीत मिसळून जायची. आता लांबून दिसत होती.

म्हणजे चोरी दोघांची, आणि पोलिसांनी माझे ठसे पुसून तिचे तेवढे ठेवलेले. मी भांडण मिटवायला गेलो होतो, आणि माझ्या बाजूचा सगळा पुरावा नाहीसा करून आलो. आता जगात कोणालाही ही गाडी दाखवली असती तर तो बोलला असता, बघा, बाईनं वाट लावली.

"तेवढं दार परत रंगवून देऊ?" त्यानं विचारलं.

मी नको बोललो. दार रंगवता आलं असतं. गोष्ट सगळ्या गावात पोचली होती, तिला कुठल्या डब्यातला रंग मारणार.

निघताना त्यानं मला बजावलं. कोरडं फडकं बंद. आठवड्यातून एकदा सावलीत धुवायची, मऊ टॉवेलनं टिपायची. पाखरानं घाण केली तर ओलं फडकं वर ठेवून भिजू द्यायची, मग उचलायची, घासायची नाही. "आणि रोज हात लावायचा नाही. रोज हात लावण्यानंच वाटोळं झालं." ते कोरं फडकं त्यानं मला परत दिलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. एक तर सकाळी सहाला मला काम उरलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागलो, आणि सुनेला गॅस बारीक कर, पोह्यांना पाणी जास्त झालं, पंप चालू राहिला, असं सांगायला लागलो. ती काही बोलायची नाही, भांडी बोलायची. आणि दुसरं, वर्षश्राद्ध जवळ येत होतं. सगळे येणार, गाडी बघणार, गोष्ट मागणार. मी दोन-तीनदा ठरवलं की गाडी एखाद्या गोदामाच्या आड नेऊन उभी करावी. पण तेवढा मी पळपुटा नाही. थोडा आहे.

वर्षश्राद्धाला माणसं चांगली आली. भटजीनं तासाचं काम पाऊण तासात उरकलं, त्याला पुढं दुसरीकडे जायचं होतं. मंडपात पंगत बसली, गाडी समोरच उभी. तो शेजारी, ज्यानं दसऱ्याला झेंडूची माळ धरून सगळं ऐकलं होतं, तो वडा मोडत बोलला, "काय चमकवली हाय गाडी. पन वैनीची सही राहिली की मागच्या दाराला."

चार-पाच जण हसले. कोणी बोललं, "सांगा की ती गोष्ट. वैनीची आठवण म्हणून सांगा."

मुलगा बोलला, "बाबा, आज नको."

"आजच," मी बोललो. "ती गोष्ट खोटी हाय."

माणसं जेवता जेवता थांबली. मी उभा राहिलो नाही, पानावर बसल्या बसल्याच बोललो. "तिनं तेवढंच घासलं होतं. ती मला बोलली पन होती. मी तिला खोटारडी बोललो. अख्खी गाडी मी खराब केली, कोऱ्या कापडानं, रोज एक तास. पॉलिशवाल्यानं दाखवलं. टपावर तिचा हात पोचत पन न्हवता. आन् मी सात वर्षं तुम्हाला सगळ्यांना तिच्यावर हसवलं. दवाखान्यात पन हसवलं."

कोणाला कुठं बघावं ते कळेना. एक जण लोणच्याकडे बघायला लागला. शेजाऱ्यानं वडा खाली ठेवला. मला वाटलं होतं, बोललो की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

बायकांच्या पंगतीत माझी मेहुणी बसली होती, हिची धाकटी बहीण, खारबावची. तोंडानं हिच्याहून दुप्पट. ती हिला बाय म्हणायची. तिनं तोंडातला घास सावकाश गिळला, पाणी प्यायली.

"आता कळलं काय तुम्हाला, भावजी?"

"आता म्हंजे?"

"बायला तर तवाच कळलं होतं. तुम्ही खोटारडी बोललात त्याच आठवड्यात. मी आलेले. मला बाहेर नेलंन्, तुमचं ते फडकं हातात दिलंन् आन् बोलली, बघ, कसं टोचतंय. ह्यानं पुसतात आन् नाव माझं."

मी बोललो, "मग मला का न्हाय सांगितलं?"

"मी पन तेच बोलले. सांग, भांड, सोडू नको. तर बोलली, सांगितलं तर हे फडकं टाकून देतील आन् सकाळचा तासभर माझ्या डोक्यावर येऊन बसतील. गॅस बारीक कर, पानी जास्त झालं. त्यापेक्षा जाऊ दे ती गाडी. तेवढा एक तास मला माझा मिळतो. चहा गरम असताना पिता येतो."

आधी सून हसली. तिनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मग मुलगा. मग सगळा मंडप, आणि या वेळी माझ्यावर. शेजारी तर ठसका लागून बाहेर गेला.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. पंधरा दिवस मी जेवणावरून उठत होतो, की आपण गरीब बाईवर केवढा अन्याय केला. आणि ही गरीब बाई रोज सकाळी दाराआड बसून गरम चहा पीत माझ्याकडून गाडी खराब करून घेत होती. नव्या गाडीच्या रंगावर तिनं मरेपर्यंत आपली सकाळ विकत घेतली. मेहुणीला मी विचारलं, अजून काय काय बोलली होती? तर बोलली, "सगळं आजच सांगू काय? वडे गार होतात." मी वडे खाल्ले. चार खाल्ले. वर्षभरात तेवढे खाल्ले नव्हते.

तर भांडण मिटलं की नाही मला सांगता येत नाही. मी चुकलो होतो, ते सगळ्यांसमोर बोललो. ती पण काही साधी नव्हती, ते सगळ्यांनी ऐकलं. ती असती तर यावर आणखी चार दिवस निघाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाग आली. सून स्वयंपाकघरात होती. मी खुर्ची उचलली, बाहेर अंगणात नेऊन ठेवली, दार ओढून घेतलं आणि बसलो. रोज बसतो. गोदामांकडे जाणारे कंटेनर मोजतो, गाडीवर धूळ बसते ती बघतो, हात लावत नाही. आत कपबशीचा आवाज होतो. तास झाला की मोठ्यानं खाकरतो, आणि मग आत जातो.